मौजे कखडी, क्षेत्र २०० निवर्तनं

कागद हातात आला की मी आधी तारीख बघतो, मग गाव, मग क्षेत्र, मग तो कुणाच्या हुकमानं निघालाय ते. मजकूर सगळ्यात शेवटी. नाशिक जिल्ह्यात तलाठी म्हणून उमेद गेली, ही खोड आता जायची नाही. पांडवलेण्यांतही माझं तेच होतं. तिसऱ्या लेण्यात शिरलं की बाकीची मंडळी दरवाज्याच्या वरचा लांबलचक लेख बघतात, कारण माहिती सांगणारा तिकडेच बोट दाखवतो. गौतमीपुत्र सातकर्णीची सगळी प्रसिद्ध बिरुदं त्यात आहेत. मी व्हरांड्याच्या पूर्वेकडच्या भिंतीपाशी जातो आणि छताखालचे दोन लेख मान वर करून बघत बसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ते जमिनीचे आदेश आहेत.

सातकर्णी कोण, हे महाराष्ट्रात बहुतेकांना शाळेतल्या इतिहासातून एका वाक्यापुरतं ठाऊक असतं: सातवाहन राजा, पैठण राजधानी, शकांना हरवलं. वाक्य खरं आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही गोष्ट. क्षहरात या शक घराण्यातल्या नहपान या क्षत्रपानं (क्षत्रप म्हणजे सुभेदार) नाशिक, जुन्नर, कार्ले हा सगळा घाटमाथा सातवाहनांकडून घेतला होता. म्हणजे कोकणातल्या बंदरांवरून वर येणारा व्यापार त्याच्या मुठीत गेला. त्या काळातल्या एका ग्रीक दर्यावर्द्यानं लिहून ठेवलंय की कल्याण बंदरात चुकून ग्रीक जहाज शिरलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. जकातीच्या या सगळ्या पैशाला सातवाहन मुकले होते. गौतमीपुत्रानं तो मुलूख परत घेतला. कधी, कसा, लढाई नेमकी कुठे झाली, यावर विद्वान भांडत बसतात. मला भांडायचं नाही. मला त्याचे आदेश वाचायचेत.

पहिला आदेश त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षातला. पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस. विजयी सैन्याच्या छावणीतून निघालेला. गोवर्धनच्या अमात्याला, विण्हुपालिताला. गोवर्धन हा तेव्हाचा जिल्हा, त्याला ‘आहार’ म्हणत. त्या नावाचं गाव आजही गंगापूरकडे जाताना लागतं. अमात्य म्हणजे आपला कलेक्टर समजा. आदेश असा: पश्चिम कखडी गावातलं शेत, जे उषवदाताच्या (हा नहपानाचा जावई) ताब्यात होतं, क्षेत्र २०० निवर्तनं (निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप), ते आम्ही त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे या लेण्यांच्याच डोंगरावरच्या, भिक्खूंना देत आहोत. पुढे सवलती. सरकारी माणसानं त्या शेतात शिरायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, जिल्ह्याच्या अंमलदारानं दखल द्यायची नाही. हुकूम तोंडी दिला, अमात्य शिवगुतानं लिहून घेतला.

आता यात काय काय आलं बघा. गाव आहे. क्षेत्र आहे, तेही अक्षरी आणि अंकी दोन्ही: ‘निवतनसतानि बे’ आणि पुढे २००चा आकडा. अक्षरी-अंकी लिहायची पद्धत आम्हाला इंग्रजांनी शिकवली असं साहेबलोक सांगायचे, ते सोडून द्या. पूर्वीच्या कब्जेदाराचं नाव आहे. नव्या भोगवटादाराचं नाव आहे. इतर हक्कांच्या रकान्यात जे यायचं ते सगळं आहे. लिहिणाऱ्याचं नाव आहे, तारीख आहे. माझ्या सज्जात येणारे काही आदेश याच्या निम्म्यानंही पूर्ण नसायचे.

आणि ही लढाई नुकतीच संपली असावी तेव्हाची गोष्ट. राजा अजून छावणीत आहे, राजधानीत पोहोचलेला नाही. उषवदात त्या भागाचा कारभारी. त्याची जमीन जप्त झाली आणि पहिल्या पावसात तिची विल्हेवाट लागली. त्याच १८व्या वर्षाचा आणखी एक आदेश कार्ल्याला कोरलेला आहे, मावळच्या अमात्याला. संशोधक तोही सातकर्णीचाच मानतात. त्यात करजिक गाव तिथल्या भिक्खूंना दिलंय. गंमत अशी की तेच करजिक गाव त्याच लेण्याला उषवदातानं आधीच दिलेलं होतं, त्याचाही लेख तिथेच आहे. म्हणजे राज्य बदललं, भिक्खूंचा भोगवटा चालू राहिला, फक्त देणाऱ्याचं नाव बदललं. सत्तांतर झाल्यावर जुन्या सनदा नव्यानं करून घ्याव्या लागतात, ही रीत पेशवाई जाऊन कंपनी सरकार आलं तेव्हाही होती.

दुसरा आदेश २४व्या वर्षातला. पहिल्याच्या खाली सलग कोरलाय. तो मला पाठ आहे.

यावेळी गोवर्धनला अमात्य दुसरा आहे, सामक नावाचा. बदली झाली असणार. आदेशाची सुरुवात अशी की सामकाला आधी खुशाली विचारावी आणि मग पुढचं सांगावं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सरकारी पत्रात ‘कसे आहात’ आहे, हे वाचून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसलो होतो. आमच्याकडे पत्राची सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी आणि शेवट ‘अन्यथा शिस्तभंगाची कारवाई’ असा. असो. खुशालीनंतर मुद्दा: त्रिरश्मी डोंगरावरच्या आमच्या दानाच्या लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंना कखडी गावात पूर्वी शेत दिलं होतं. ‘त च खेत न कसते, सो च गामो न वसति.’ ते शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसत नाही. असं असल्यामुळे इथे नगराच्या शिवेवर आमच्या मालकीचं जे राजकीय शेत आहे, त्यातलं १०० निवर्तनं त्या भिक्खूंना द्यावं. सवलती पूर्वीच्याच.

आमच्या दप्तरात अशा गावाला एक शब्द होता, बेचिराख. गावाचं नाव नकाशावर असतं, शीव असते, गट असतात, पण दिवा लावायला घर नाही. तसं गाव वाट्याला आलं की पीकपाहणीला जाऊन करायचं काय? रकान्यात ‘पडीक’ लिहायचं आणि परत यायचं. कखडीचं तसं झालं होतं. कुणी तरी जाऊन पाहिलं, कुणी तरी वर कळवलं, आणि ते राजापर्यंत पोहोचून आदेश निघाला. दान दिल्याची नोंद भिंतीवर आहे, तेवढ्यावर भागवता आलं असतं. दिलंय ना? दिलंय. पुढे तुमचं नशीब. पिढ्यान्‌पिढ्या असंच भागवलेलं मी पाहिलंय. धरणग्रस्तांना मुरमाड माळ पर्यायी जमीन म्हणून कागदावर दिलेला, आणि कागद पूर्ण असल्यामुळे पुढे कुणी विचारायला तयार नाही, अशी प्रकरणं माझ्या टेबलावरून गेलीत. त्यामुळे राजानं सहा वर्षांनी आपल्याच आदेशाची फाईल उघडून ‘हे चालत नाहीये’ असं भिंतीवर लिहून ठेवलं, याला मी त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठं समजतो.

तलाठ्याच्या नजरेला एक गोष्ट खटकते, ती सांगतो. दिली होती २०० निवर्तनं, बदल्यात मिळाली १००. निम्मी. भिक्खूंना गंडवलं का? मला तसं वाटत नाही. कखडी कुठे तरी आडबाजूला, हे शेत नगराच्या शिवेला. शिवेलगतच्या जमिनीचा भाव आणि रानातल्या जमिनीचा भाव कुठल्या काळात सारखा होता? शिवाय ती दिली स्वतःच्या खालशातून, कुणा कुणब्याला उठवून नव्हे. लेखात ‘आमच्या मालकीचं’ हे स्पष्ट म्हटलंय. अशा अदलाबदलीला मी तरी ‘हरकत नाही’ असाच शेरा मारला असता.

पण गाव ओस का पडलं? लेख सांगत नाही. मी आपला अंदाज करतो. जमीन उषवदाताच्या ताब्यातली होती, म्हणजे तिथली कुळं, बैल, अवजारं त्याच्या व्यवस्थेतली. मग सैन्य आलं. सैन्य आपलं असो की परक्याचं, ज्या गावावरून जातं तिथली कणगी रिकामी होते. उषवदात गेला, त्याची माणसं गेली, उरलेली पांगली. दरवाज्यावरच्या लेखात ‘क्षहरात वंश निरवशेष केला’ असं अभिमानानं लिहिलंय, आणि त्याच व्हरांड्यात, चार हातांवर, ‘ते गाव वसत नाही’ असंही लिहिलंय. दोन्ही एकाच माणसाच्या कारकिर्दीतली. मला ही दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवून वाचावीशी वाटतात. मिरवणुका काढणाऱ्यांना पहिलंच पुरतं.

ज्याला निरवशेष केलं ती माणसं तरी कशी होती? दहाव्या लेण्यात जा. रचना जवळजवळ तिसऱ्यासारखीच. ते उषवदाताचं लेणं. त्यानं लिहून ठेवलंय की दमण, तापी, पारादा, डहाणू अशा नद्यांवर त्यानं फुकट नावा ठेवल्या. भिक्खूंच्या चिवरांसाठी आणि वरखर्चासाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव दिली, त्यातले २००० एका विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक दरानं आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दरानं. मुद्दल मोडायचं नाही, व्याजच वापरायचं, हेही स्पष्ट. आणि त्याचं खरेदीखत! वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापण मोजून त्यानं एक शेत विकत घेतलं. शेत वडिलोपार्जित, नगराच्या शिवेत, वायव्य दिशेला. विक्रेत्याचं नाव, त्याचा हक्क कुठून आला ते, जागा, दिशा, मोबदला. जिंकलेल्या मुलखातला सत्ताधारी, जमीन हिसकावून घेऊन दान करू शकला असता. पैसे मोजले. त्यामुळे शक म्हणजे राक्षस आणि सातवाहन म्हणजे देव, अशी मांडणी कुणी माझ्यासमोर केली की मी त्याला दहाव्या लेण्यात नेतो.

आता दरवाज्यावरच्या लेखाकडे येऊ. सातकर्णीची कीर्ती जी काय आज शिल्लक आहे ती मुख्यतः त्या लेखामुळे, आणि तो त्यानं लिहवलेला नाही. तो त्याच्या आईनं लिहवलाय, तो गेल्यानंतर. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी गौतमी बलश्रीनं हे लेणं भिक्खूसंघाला दिलं आणि देताना मुलाविषयी जे जे मनात होतं ते कोरून घेतलं. शक-यवन-पल्हवांचा निःपात करणारा. सातवाहन कुळाचं यश पुन्हा उभं करणारा. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा. राजकवीनं लिहावं तसं हे सगळं आहेच, शिवाय राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशी तुलना आहे, सह्य, विंध्य, मलय, महेंद्र अशी पर्वतांची यादी आहे, अपरांत, विदर्भ, मूलक, अश्मक, सौराष्ट्र अशी मुलखांची. मुलखांच्या यादीत थोडी फुगवटही असेल, दप्तरात कुठल्या खात्याचं क्षेत्र फुगत नाही?

पण मध्येच काही शब्द असे येतात जे राजकवीला सुचले नसते, निदान मला तरी ते आईचे वाटतात. उगवत्या सूर्याच्या किरणांनी उमललेल्या कमळासारखा त्याचा चेहरा. अभयाचं उदक सोडून सोडून ओला झालेला त्याचा हात. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायला ज्याला आवडत नसे. कर धर्मानं घेणारा आणि धर्मानंच खर्चणारा. नगरातल्या लोकांच्या सुखदुःखात सुखदुःख मानणारा. आणि आईची सेवा करण्यात कधी कसूर न केलेला. शेवटचं बिरुद दुसऱ्या कुठल्या चक्रवर्तीच्या प्रशस्तीत मला भेटलं नाही.

मघाचा २४व्या वर्षाचा आदेश आठवा. तो एकट्या राजाचा नाही. तो राजाच्या आणि ‘महादेवी जीवसुता राजमाता’ हिच्या वचनानं निघालाय. जीवसुता, म्हणजे जिचा मुलगा जिवंत आहे ती. त्या वर्षी राजा आजारी होता म्हणून आईनं कारभारात हात घातला, असं काही संशोधक म्हणतात. कखडीचा विषय वर तिनंच नेला असेल असं मला उगाच वाटतं. भिक्खूंचं काय चाललंय याची चौकशी लढाईत गुंतलेला राजा करील की त्याची आई? २४व्या वर्षानंतर त्याचा लेख सापडत नाही. आणि मग त्याच लेण्यात, दरवाज्यावरच्या लेखात, ती स्वतःला महाराजांची माता आणि महाराजांची आजी म्हणवते. जीवसुता हा शब्द तिथे नाही.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, “म्हणून तर राजाच्या नावात आईचं नाव आहे, बापाचं कुठाय?” ते काही एवढं सोपं नाही. सातवाहनांत मातृनाम लावायची पद्धतच होती, नातू वासिष्ठीपुत्र, पुढचा एक माढरीपुत्र, आणि गादी मात्र बापाकडून मुलाकडे जायची. पण मी वाद घातला नाही.

त्याच्या कीर्तीचा दुसरा मोठा पुरावा सापडला तो आमच्याच भागात. सिन्नर तालुक्यात दारणा आणि गोदावरीच्या संगमाजवळ जोगलटेंभी म्हणून गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, १३,२५०च्या आसपास. सगळी नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठीत नाव. त्यातल्या ९,२७०च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलाय: तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ, आणि पलीकडे उज्जयिनी चिन्ह. नहपानाचं नाक, हनुवटी खालून दिसत राहतं. जिंकलेल्या राजाची नाणी वितळवून नवी पाडता आली असती, पण वेळ आणि खर्च दोन्ही गेले असते, बाजारही अडला असता. ठसा मारला आणि चलन चालू. सातबाऱ्यावर फेरफार मंजूर झाला की जुन्या खातेदाराचं नाव खोडत नाहीत, कंसात घालतात. नवं नाव खाली येतं, जुनंही वाचता येतं. ही नाणी पाहिली तेव्हा मला ते कंस आठवले.

इतकं सगळं असून खेड्यापाड्यांत कुणाला गौतमीपुत्र माहीत नव्हता. मी लहान होतो तेव्हा पाडव्याला आजी गोष्ट सांगायची ती शालिवाहनाची. पैठणला कुंभाराच्या घरी वाढलेला पोर, मातीचे घोडे, हत्ती, शिपाई करून खेळणारा. विक्रमराजा चाल करून आला तेव्हा त्यानं त्या मातीच्या फौजेवर पाणी शिंपडलं आणि ती उठून उभी राहिली. गुढी त्या विजयाची. या शालिवाहनात गौतमीपुत्र किती, त्याच्या आधीचे-नंतरचे सातवाहन किती, हे कुणाला वेगळं काढता येणार नाही. चारशे वर्षांचं घराणं लोकांनी एका कुंभाराच्या पोरात कोंबलं.

त्याच्याच दुसऱ्या एका गोष्टीवर मात्र माझा जीव आहे. एक सावकार मरताना चार मुलांसाठी चार हंडे पुरून ठेवतो. उकरून बघतात तर एकात सोनं, एकात काळी माती, एकात तूस, एकात हाडं. भाऊ भांडत विक्रमाच्या दरबारात जातात, तिथे कुणाला उलगडत नाही. पैठणला तो पोर सांगतो: माती ज्याच्या हंड्यात त्याची शेतजमीन, तूस त्याचं कणगीतलं धान्य, हाडं त्याची गुरं-घोडी, सोनं त्याची रोकड. बाप अडाणी नव्हता, वाटणी बरोबर करून गेलाय. लढाईच्या गोष्टी हजार राजांच्या असतात. वाटपाचा दावा निकालात काढला म्हणून राजा झाल्याची गोष्ट मला दुसरी माहीत नाही. आणि ती ज्या घराण्याबद्दल सांगितली गेली त्याच घराण्याचे, शेतांची अदलाबदल करणारे आदेश लेण्यात आहेत. योगायोग म्हणा. मी म्हणत नाही.

शक संवताचं त्रांगडं सगळ्यांना सांगून झालंय, मी थोडक्यात उरकतो. इसवी सन ७८पासूनची ही गणना शकांनीच चालवली, उज्जैनच्या क्षत्रपांनी ती शतकानुशतकं वापरली. शालिवाहनाचं नाव तिला चिकटलं ते मध्ययुगात, कितीतरी शतकांनी. म्हणजे शकांना ज्यानं हरवलं त्याच्या नावानं आपण शकांचीच वर्षं मोजतो, लग्नपत्रिकेत छापतो. भारत सरकारनं १९५७ साली राष्ट्रीय दिनदर्शिका केली तीही याच गणनेवर. यात चिडण्यासारखं काही नाही. मागं नाण्यांवर झालं तेच इथं उलट्या बाजूनं झालं.

माझा पुतण्या हैदराबादला असतो. २०१७च्या संक्रांतीला त्याचा फोन: “काका, तुमचा राजा इकडे सिनेमात आलाय. बालकृष्णाचा शंभरावा सिनेमा, आणि आई कोण माहितीये? हेमामालिनी!” मग म्हणाला की ऑफिसातले लोक सांगतात, हा मूळचा तेलुगू राजा. मी म्हटलं, त्यांना म्हणावं नाशिकला या, चहा पाजतो, भिंत दाखवतो. पण खरं सांगायचं तर त्यांचा दावा अगदीच हवेत नाही. पुळुमावीच्या वेळी सातवाहनांचं राज्य कृष्णाकाठी अमरावतीपर्यंत पोहोचलं होतं, आणि पुराणं या घराण्याला आंध्र म्हणतात. गौतमीपुत्राचे स्वतःचे लेख मात्र मुख्यतः नाशिक-कार्ल्याकडचे. पूर्वी तो कुणाचा यावर आमच्याकडेही तावातावानं बोलणारे होते. हल्ली तो ब्राह्मण की बौद्ध, यावर बोलतात. आईनं त्याला ‘एकब्राह्मण’ म्हटलंय, आणि तेच लेणं बौद्ध भिक्खूंना दिलंय. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. लेण्यात रविवारी बुद्धवंदना करणारी कुटुंबं येतात, त्या मायलेकांचं दान मात्र अजून वहिवाटीत आहे असं म्हणता येईल.

आणि ‘निरवशेष’चं पुढे काय झालं? एक क्षत्रप घराणं संपलं, दुसरं आलं. चष्टनाचं. त्याचा नातू रुद्रदामन, त्याचा जुनागढचा लेख इसवी सन १५०चा. त्यात तो म्हणतो, दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण जवळचा संबंध म्हणून त्याचा समूळ नाश केला नाही. संबंध कसला? कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं कोरलंय. म्हणजे ज्यांना निरवशेष केल्याचा डंका, त्यांच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या घराण्याशी सोयरीक झाली, आणि गौतमीपुत्रानं जिंकलेला बराच मुलूख त्या सोयऱ्यांनी परत घेतला. आईच्या लेखातली मुलखांची यादी आणि रुद्रदामनाच्या लेखातली यादी समोरासमोर ठेवली तर सौराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, आकरावंती ही नावं दोन्हींत आहेत. एकच गट, दोन खातेदार.

लेणं मात्र राहिलं, आणि लेण्याची जमीनही पुढे चालू राहिली. तिसऱ्याच लेण्यात पुळुमावीच्या २२व्या वर्षाचा आणखी एक आदेश आहे, गोवर्धनच्याच अमात्याला. आता अमात्य शिवखदिल. १९व्या वर्षी लेण्याच्या देखभालीसाठी दक्षिणेकडच्या वाटेवरचं सुदसण गाव दिलं होतं. त्याच्या बदली पूर्वेकडच्या वाटेवरचं समलिपद गाव द्यावं. पुन्हा अदलाबदल, पुन्हा तीनच वर्षांत. यावेळी कारण लिहिलेलं नाही, तेव्हा मी जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून बघतो. नाशिकहून दक्षिणेला गेलं की सिन्नरची चढण लागते, मुरूम आणि पाण्याची बोंब. पूर्वेला निफाडकडे गोदाकाठची काळी कसदार जमीन. भिक्खूंनी काय मागितलं असेल ते सांगायला शिवखदिलाची गरज नाही.